व्हर्ना हॅस्कलची चूक

व्हर्ना हॅस्कल आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या होतो. ती भट्टीशी, मी चिरायच्या टेबलाशी. चारशे पोरांचं जेवण साडेदहाला तयार लागायचं, आणि व्हर्ना असली की ते दहा पंचवीसलाच झालेलं असायचं. तिच्या बाजूच्या भिंतीवर डाव, झारे, चिमटे ओळीने टांगलेले असत. मी एकदा मोठा झारा चुकून भलत्याच खिळ्याला अडकवला. ती रागावली नाही. पातेल्यावरची नजर न काढता तिने हात नेहमीच्या खिळ्याकडे नेला, तो रिकामाच परत आला, तेव्हा माझ्याकडे बघितलं.

"डोळे मिटले तरी सापडायला हवं, ओपल," एवढंच म्हणाली.

नवरा तिचा लवकर गेला. देवाघरी नाही, जॅक्सनव्हिलला. मूलबाळ नव्हतं. ही बाई सुट्टीच्या दिवशी जमिनीखालच्या गुहांमध्ये, पाण्यातून, पाठीला टाक्या बांधून हिंडते हे मला कळायलाच दोन वर्षं लागली. कळल्यावर मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाली, "तिथे कुणी आरडाओरडा करत नाही."

आमच्याकडे गावाबाहेर कुठल्याही दिशेला निघालं तरी झरा नाहीतर कुंड लागतं, आणि कुंडापाशी पोचलं की पाणबुडे भांडताना सापडतात. मी स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही, पण एकोणीस वर्षं कांदे चिरता चिरता ते भांडण मला तोंडपाठ झालं. भांडण नळीवरून असायचं. म्हणजे वरवर नळीवरून.

एका बाजूला डॉयल पर्विस. हा मूळचा विहिरींना पंप बसवणारा, मग त्याने पाणबुड्यांचं दुकान काढलं आणि शिकवायला लागला. त्याचं म्हणणं असं की एकत्र उतरणाऱ्या सगळ्यांचं सामान अगदी सारखं पाहिजे. दिवा डाव्या हातात म्हणजे सगळ्यांचा डाव्या हातात. सुरी कमरेला म्हणजे सगळ्यांची कमरेला. हवा घ्यायचं तोंडातलं यंत्र सात फूट लांब नळीला जोडलेलं, आणि दुसरं, जादाचं, रबराच्या फासाने हनुवटीखाली टांगलेलं. जोडीदाराची हवा संपली तर आपल्या तोंडातलं काढून त्याला द्यायचं आणि आपण हनुवटीखालचं तोंडात घ्यायचं. का, तर आपल्या तोंडातलं चालू आहे हे पक्कं ठाऊक असतं.

दुसऱ्या बाजूला रूफस एंब्री. त्याने सत्तरी ओलांडली होती आणि तो एकटाच उतरायचा. दोन्ही कुशींना एकेक टाकी, दोन्हींची यंत्रं वेगळी, पट्टे जुन्या टायरच्या ट्यूबचे, घरी कापलेले. एक बिघडली तर दुसरी आहे. माणूस बरोबर नाही, म्हणजे माणसाचा घोळही नाही. डॉयलला लहानपणी झऱ्यात पोहायला यानेच शिकवलेलं, त्यामुळे डॉयल त्याला तोंडावर कधी उलटून बोलत नसे, पण ऐकतही नसे.

मासे तळणाऱ्या बार्नीच्या टपरीवर दोघं समोरासमोर आले की सगळे खुर्च्या ओढून बसायचे.

"काय मास्तर," रूफस सुरू करायचा, "आज कितीजण एकमेकांच्या तोंडातलं उष्टं खाणार?"

"तुम्ही एकदा कुणाला बरोबर घेऊन उतरा, रूफस. उष्टं किती गोड लागतं ते कळेल."

"मी माझा डबा घरून आणतो बाबा. दोन डबे आणतो."

"आणि दोन्ही सांडले तर?"

"तर मी मरेन. तू तिघांना घेऊन मरशील."

व्हर्ना डॉयलच्या बाजूची. असणारच. तिच्या भिंतीवरचे झारे ज्याने पाहिले त्याला ते सांगावं लागलं नसतं. पण ती वाद घालायची नाही. रूफस तिला चिडवायचा, "पोरी, तू शहाणी आहेस, या कवायतीत कुठे सापडलीस?" ती बशीतल्या मक्याच्या कण्या संपवत म्हणायची, "कवायत मला आवडते."

तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी डॉयल, व्हर्ना आणि टपाल खात्यातला टीग, असे तिघं टर्पेंटाइन कुंडात उतरले. या तिघांनी एकत्र शंभरेक वेळा तरी बुडी मारली असेल. उतरण्याआधी एकमेकांचं सामान डोक्यापासून पायापर्यंत हात लावून तपासलं. दोनशे फुटांवर पस्तीस मिनिटं. मग वर येताना, अंगात मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून, टप्प्याटप्प्यावर थांबत सव्वा तास. कुठे किती मिनिटं थांबायचं ते डॉयलने आदल्या दिवशी लिहून काढलेलं, तिघांच्या मनगटावर त्याच आकड्यांची पाटी. शेवटचा टप्पा वीस फुटांवर, तिथे शुद्ध प्राणवायू. तिघांनी पाटीवरची मिनिटं पाळली. तिघं एकदमच वर आले. काठावर झाडाखाली रूफस आपला पट्टा शिवत बसला होता, त्याने हात केला.

अर्ध्या तासाने, गाडीच्या मागच्या फळीवर बसून बूट काढताना, व्हर्नाला वाटलं की कुणीतरी पोटाभोवती पट्टा आवळतंय. तिने कमरेला हात लावून पाहिला. पट्टा तर मघाशीच काढून ठेवला होता. मग डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. ती उभी राहिली आणि तो पाय तिच्याखालून निघून गेला.

डॉयलबद्दल पुढे काय वाटेल ते बोलले लोक, पण त्या दिवशी तो गडबडला नाही. तिला आडवं केलं, तोंडाला प्राणवायू लावला, टीगला गाडी चालवायला बसवलं आणि शहरातल्या रुग्णालयात फोन करून हवेचा दाब वाढवून उपचार करायची लोखंडी खोली तयार ठेवायला सांगितली. व्हर्नाला त्या खोलीत पहिल्या दिवशी पाच तास ठेवलं. पुढचे अकरा दिवस रोज दोन तास.

मी पोचले तेव्हा ती काचेपलीकडे पडून छताकडे बघत होती. डॉक्टर बाई तरुण होती, थकलेली. तिने मला समजावून सांगितलं: वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे झाले, ते मणक्यात अडकले होते. डाव्या पायातली ताकद गेलीय, थोडी परत येईल. उजवा पाय चालेल, पण त्याला गरम-गार कळणार नाही.

"पण हिने सगळं नीट केलं होतं म्हणतात," मी म्हटलं.

"केलं असेल," डॉक्टर म्हणाली. "नीट करूनही होतं कधी कधी. का, ते आम्हालाही कळत नाही."

हे वाक्य त्या दिवशी मी ऐकलं, डॉयलने ऐकलं, टीगने ऐकलं. त्यानंतर ते कुणाच्याही तोंडून परत आलं नाही.

चौथ्या दिवशी डॉयल वही घेऊन आला. खुर्ची पलंगाशी ओढली.

"आदल्या दिवशी झोप किती झाली?"

"सात तास."

"सकाळी पाणी प्यायलीस?"

"प्यायले."

"किती?"

"नेहमीएवढं."

"वर आल्यावर टाक्या तू उचलल्यास?"

"टीगने उचलल्या. तू तिथेच होतास."

डॉयलने पेन्सिलीने वहीवर ठिपके काढले. "कुठेतरी चुकलं असणार, व्हर्ना."

"तू जे केलंस तेच मी केलं."

"तेच तर," डॉयल म्हणाला. मी फुलदाणीतलं पाणी बदलायला उठले.

ती काठी घेऊन घरी आली. मग लोक यायला लागले. येताना प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं आणि तोंडात एक कारण. कुणी म्हणालं, वय. कुणी म्हणालं, बायकांच्या शरीराचं या वयात बिनसतंच. कुणी म्हणालं, ती पाणी कमी पिते, आम्ही पाहिलंय. टीगच्या बायकोने हळूच विचारलं, वीस फुटांवर तू थोडी वर-खाली झाली होतीस का गं, टीग म्हणत नाही, मीच विचारतेय. कुणीतरी काढलं की हृदयाला जन्मापासून भोक असेल. ते तपासून झालं, भोक नव्हतं. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं असे लोक संगणकावर लिहीत होते की ही बाई घाईने वर आली, दुसरं काय. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं होतं, आणि समोर बसलेलं डोकं हिचंच होतं.

व्हर्ना सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "असेल."

पाणी कमी प्यायलीस? असेल. वर-खाली झालीस? असेल.

भांडी घासताना माझा संताप झाला. "तुला राग नाही येत?"

"यायला हवा ना?" ती म्हणाली. "मी वाट बघतेय. येत नाही."

"रडू?"

"तेही नाही." खिडकीबाहेर शेजाऱ्याचा कुत्रा खड्डा उकरत होता, ती त्याच्याकडे बघत होती. "ओपल, मला वाटतं डॉक्टरांनी फक्त पायाचं सांगितलं."

मी ताट पुसत राहिले.

शाळेतली नोकरी गेली. भट्टीशी पाच तास उभं राहणं तिला जमणार नव्हतं, आणि मुख्याध्यापक सभ्य माणूस असला तरी चारशे पोरं थांबणार नव्हती. तिच्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात झारे एका ड्रॉवरमध्ये भरले. मी हे व्हर्नाला सांगितलं, जरा तरी कळ उठेल म्हणून. "ड्रॉवर बरा," ती म्हणाली. "धूळ बसत नाही."

डिसेंबरात ती माझ्याकडे जेवायला आली होती. मी पाव भाजत होते, ती भट्टीच्या बाजूला स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. बोलता बोलता तिने नाक वर केलं.

"काहीतरी करपतंय बघ."

मी पाव बघितला. पाव पांढरा होता. मग खाली बघितलं. तिची उजवी पोटरी भट्टीच्या दाराला टेकलेली होती आणि पँटचं कापड तपकिरी पडलं होतं. मी किंचाळून तिला ओढलं. कापड वर केलं तर तळहाताएवढा फोड. ती वाकून त्याच्याकडे असं बघत होती, जसं दुसऱ्या कुणाचं काही तिच्या मांडीवर ठेवलंय.

"अरेच्चा," म्हणाली, आणि हातातली शेंग सोलून दाणा तोंडात टाकला.

त्यानंतर तिला घरी एकटं ठेवायची मला भीती वाटायला लागली. म्हणून डॉयलने दुकानात बसायचं काम देऊ केलं तेव्हा मीच तिला जा म्हटलं. हवेची यंत्रं उघडायची, सुटे भाग धुवायचे, रबरी कड्या बदलायच्या, परत जोडायची. त्या कामात तिचा हात लगेच बसला. टेबलावर सगळे भाग ओळीने मांडलेले. मान न उचलता ती हवा तो स्क्रू उचलायची. मी रोज दुपारी तिला न्यायला जायची, तेव्हा पाठमोरी बघून क्षणभर वाटायचं की काही झालंच नाही.

फेब्रुवारीत पाणबुड्यांची वार्षिक सभा असते, अग्निशमन केंद्राच्या सभागृहात. दरवर्षी डॉयल त्यात वर्षभरातले अपघात सांगतो: काय झालं, कुठे चुकलं, काय शिकायचं. सभेच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले, तर तो व्हर्नाच्या टेबलासमोर उभा होता. मला बघून थांबला, मग बोलतच राहिला.

"मी म्हणणार आहे की सकाळी फक्त कॉफी झाली होती. पाणी नाही. आणि वर आल्यावर टाकी उचलली गेली."

"बरं," व्हर्ना म्हणाली.

"अगं बरं काय!" मी म्हटलं. "तिने नाही उचलली टाकी. तू स्वतः तिथे होतास."

डॉयल माझ्याकडे वळला. दाढी दोन दिवसांची होती. "ओपल, तिथे साठ माणसं बसणार आहेत. त्यातली चाळीस माझ्याकडे शिकलेली. उद्या ती माझीच पाटी मनगटावर लावून उतरणार. त्यांना मी काय सांगू? सगळं बरोबर करा, आणि तरी बघू काय होतं ते? लोकांना धरायला काहीतरी लागतं."

"बरं म्हटलं ना मी," व्हर्ना म्हणाली. "तो चिमटा दे इकडे."

सभेत आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. डॉयलने पडद्यावर आकडे दाखवले, मग कॉफी, मग टाकी. तो तिच्याकडे बघून थांबला. व्हर्नाने मान हलवली. मागे बसलेल्या लोकांनी एकदम श्वास सोडलेला मला ऐकू आला. माझ्या बाजूच्या बाईने हातातल्या कागदावर "पाणी" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात मागून रूफसचा आवाज आला. "मास्तर, मी होतो तिथे."

सगळे वळले. तो टोपी हातात धरून उभा होता.

"सकाळी ती माझ्या गाडीपाशी उभी राहून पाणी पीत होती. मोठा कॅन होता. मी म्हटलं, पोरी, कुंडातलं संपवशील. आणि टाक्या तुमच्या त्या टपालवाल्याने उचलल्या. मी काय आंधळा आहे?"

"रूफस, ही जागा नाही—"

"तिने चूक केली असं म्हणायचंय ना तुला? केली. तुझ्याबरोबर गेली, ही तिची चूक. तुझ्या पाटीच्या भरवशावर तिने जीव सोपवला. एकटी असती तर आपल्या अंगाचं ऐकलं असतं, दहा मिनिटं जास्त थांबली असती."

"एकटी असती तर काठावर मरून पडली असती!" टीग उठला. "प्राणवायू कुणी लावला असता? तुमच्या ट्यूबने?"

मग जो तो उठला. नळी कुठे असावी, टाक्या पाठीला की कुशीला, जोडीदार म्हणजे आधार की ओझं, वीस वर्षांत जे जे बोलून झालं होतं ते सगळं परत सुरू झालं. डॉयल माइकवर "शांत बसा, शांत बसा" म्हणत होता. कुणीतरी खुर्ची पाडली. व्हर्ना काठीवर भार टाकून उठली, रांगेतून बाहेर पडली आणि सावकाश दाराकडे चालत गेली. तिला जागा द्यायला लोक बाजूला होत होते, पण भांडत होते तसेच भांडत होते.

मी गाडीचं दार उघडून दिलं. ती बसली, पाय हाताने उचलून आत घेतला.

"रूफस तुझ्या बाजूने बोलला तरी," मी म्हटलं.

"नाही गं," ती म्हणाली. "तो त्या नळीच्या भांडणासाठी बोलला."

दुसऱ्या दिवशी रूफस दुकानात आला. त्याला त्या दारातून आत आलेलं कुणी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. डॉयल बाहेर होता. रूफस व्हर्नाच्या टेबलाशी उभा राहिला, खिशातून हात काढून परत घातले.

"काल मी तुझ्या पायावर उभा राहून डॉयलला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "बरोबर नाही केलं."

"जड नाही वाटलं मला," व्हर्ना म्हणाली.

तो हसला, मग हसू गेलं. "पोरी, खरं सांग. काहीच चुकलं नव्हतं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"नाही, रूफस."

त्याने टोपी काढून परत घातली. "मग मी तीस वर्षं एकटा कशाला उतरलो?" असं म्हणाला. उत्तराला थांबला नाही.

मार्चमध्ये डॉयलचा नवा वर्ग सुरू झाला. आठजण. सामानाची जुळणी शिकवायचं काम त्याने व्हर्नाला दिलं होतं, कारण ते बसून होतं आणि तिच्याइतकं नीट कुणाला येत नव्हतं. मी लवकर पोचले होते, म्हणून मागे बसून ऐकत होते. ती सांगत होती, लांब नळी उजव्या कुशीखालून घ्या, छातीवरून, मानेमागून, आणि तोंडाशी आणा. ओढली की एका झटक्यात मोकळी व्हायला हवी. प्रत्येकाने करून बघितलं. पुढच्या रांगेत एक दातांची डॉक्टर होती, चाळिशीतली, प्रश्न वहीत लिहून आणणारी.

"मिस व्हर्ना, विचारलं तर चालेल? तुमच्या वेळी नेमकी काय चूक झाली?"

व्हर्ना नळी गुंडाळत होती. "काही नाही."

बाई हसली. "नाही, म्हणजे काहीतरी असेलच ना. मी सभेच्या कागदावर वाचलं, कॉफी—"

"पाणी प्यायले होते. झोपले होते. थांबायचं तिथे थांबले होते. टाकी उचलली नव्हती." तिचा आवाज असा होता जसा स्वयंपाकघरात ती जिन्नस मोजून सांगायची. "काही चुकलं नव्हतं. पुढे, दिवा."

दातांच्या डॉक्टरने वही मिटली. पुढच्या वर्गाला आठातले पाच आले.

त्याच दुपारी डॉयल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मी दाराशी किल्ल्या घेऊन थांबले होते. माझ्यासमोर बोलायची त्याला आता सवय झाली होती.

"सभेत तू मान हलवलीस."

"तिथे तू विचारलंस. इथे त्या बाईने विचारलं."

"तीनजण गेले, व्हर्ना! आता ते कुणा अर्धवटाकडे जातील, चार दिवसांत शिकतील आणि मरतील. हे तुला चालेल?"

"त्यांना सांगायचं काय, ते तू ठरव. मला विचारलं तर मी जे झालं ते सांगणार."

"का? इतके दिवस 'असेल, असेल' म्हणत होतीस, मग त्या बाईलाच का खरं सांगितलंस?"

व्हर्नाने विचार केला. खरंच केला, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "ती उतरणार आहे म्हणून," ती म्हणाली.

डॉयलने स्टूल ओढलं आणि बसला. बसला म्हणजे कोसळलाच. तो टेबलावरची रबरी कडी बोटाने फिरवत राहिला.

"मी दोनदा उतरलो परत," तो म्हणाला. "टर्पेंटाइनमध्ये. तीच पाटी. टीगला सांगितलं, पाटी तपासायची आहे. दोन्ही वेळा काही झालं नाही. वर आलो, गाडीत बसलो आणि बूट काढून पायाची बोटं चिमटत राहिलो. तासभर. टीग म्हणतो, चला ना. मी म्हणतो, फोन येणार आहे." त्याने कडी खाली ठेवली. "तू, मी, टीग. तीच हवा, तीच मिनिटं. तुझ्याऐवजी मी का नाही, हे मला कुणी सांगत नाही. तू काहीतरी चुकली असतीस तर मला झोप लागली असती."

मला वाटलं आता ती त्याच्या हातावर हात ठेवेल. किंवा त्याला बोलेल, चांगलं खडसून, जे मी पाच महिने मनात बोलत होते ते. तिने दोन्ही केलं नाही.

"मग उतरू नकोस," ती म्हणाली.

"उतरलो नाही तर मी कोण?"

तिने यंत्राचं झाकण बसवलं आणि घट्ट केलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा मला सांग. मी गाडीत बसेन."

एप्रिलपासून ती जायला लागली. कुंडापर्यंत चालायला तिला वीस मिनिटं लागत, म्हणून ती खाली जातच नसे. गाडीजवळ उभी राहून डॉयलचं आणि टीगचं सामान डोक्यापासून पायापर्यंत तपासायची, आणि ते वर येईपर्यंत पुढच्या सीटवर बसायची. मग तो तास. मी एकदा विचारलं, तासभर काय बोलता?

"बोलत नाही फारसं. तो बोटं हलवतो. मी विचारते, हलली? तो म्हणतो, हलली. पाच मिनिटांनी परत."

"तुला काय वाटतं तेव्हा?"

"काही नाही वाटत, ओपल. मी घड्याळ बघते." तिने काठी उचलली. "पण कुणीतरी बघायला पाहिजे ना."

उन्हाळाभर हे चाललं. सप्टेंबरनंतर डॉयल खोल जाईनासा झाला. दुकानाचं काम वाढलंय म्हणायचा. उथळ झऱ्यांमध्ये शिकवायचा, तेवढंच. रूफसच्या कानावर ते गेलं, पण टपरीवर तो काही बोलला नाही. आपली बशी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. पुढच्या फेब्रुवारीत सभा झाली, त्यात डॉयलने अपघातांचा भाग टीगकडे दिला. टीगने इतर ठिकाणच्या दोन घटना सांगितल्या आणि चहाची सुट्टी जाहीर केली. मागच्या वर्षीचं कुणी काढलं नाही. व्हर्ना माझ्या शेजारी बसली होती. तिने ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

परवा शाळेच्या कार्यालयात फोन घ्यायची जागा निघाली. बसून करायचं काम, घरापासून जवळ. अर्ज द्यायला मीच तिला घेऊन गेले. खिडकीमागची मुलगी नवी होती, तिला व्हर्ना माहीत नव्हती. तिने काठीकडे बघितलं, मग संगणकाकडे.

"इथे लिहावं लागतं, मॅडम. पायाला हे कशामुळे झालं?"

मी घसा खाकरला. व्हर्नाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाण्यातून वर आले आणि झालं," ती म्हणाली.

मुलीने टाइप केलं. पुढची ओळ वाचली. "कधीपासून येऊ शकाल?"

"सोमवार," व्हर्ना म्हणाली.